वेल्डिंगचा फोटो आणि अर्धी घागर

लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत जो तो दुसऱ्याच्या पोराला सल्ले देत सुटला. आता कारखाने येणार, काहीतरी शिकून ठेवा म्हणे. माझ्या काकांनी कुठूनसं ऐकलं की नांदेडजवळ विष्णुपुरीच्या बाजूला लोखंडाचे फोटो काढायचा वर्ग निघालाय. त्यांनी मला तिकडे धाडलं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की पुतण्या फोटो स्टुडिओ टाकणार आहे. खरं तर मलाही तेवढंच कळलं होतं.

वर्गात गेलो तर कॅमेऱ्याला भिंगच नव्हतं. एका जड डब्यात किरण सोडणारी इवलीशी गोळी. वेल्डिंग केलेल्या लोखंडी पाटीच्या एका अंगाला ती न्यायची, दुसऱ्या अंगाला फिल्म चिकटवायची आणि आपण भोवती बांधलेल्या धोक्याच्या दोरीच्या पलीकडे लांब जाऊन उभं राहायचं. किरण दिसत नाहीत, वास नाही, चटका नाही. "दिसत नाहीत म्हणूनच भ्यायचं," सर म्हणत. मला देवाचं आणि भुताचं भय माहीत होतं. हे तिसरंच निघालं. त्यात फिल्मवर सगळं उलटं. लोखंड भरीव तिथे पांढरं, पोकळ तिथे काळं. मी कितीतरी दिवस चांगल्या जोडाला नापास आणि भोकाला शाबासकी देत होतो.

पण माझं डोकं खरं फिरायचं ते पाण्यापायी. अंधाऱ्या खोलीत फिल्म औषधात बुडवली की नंतर ती स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा धुवावी लागे. त्या वर्षी नदीत नुसती डबकी उरली होती. बाहेर बाया टँकरसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या आणि आत आम्ही फोटोंना आंघोळी घालत होतो. पाण्याच्या पाइपलाइनचे जोड पक्के व्हावेत म्हणून आमचं शिक्षण, आणि त्या शिक्षणालाच पिंपभर पाणी! यात शहाणपण कुठलं नि वेडेपणा कुठला, मला कळेनासं झालं होतं.

आसपासचे वेल्डर परीक्षेची पाटी जोडून आमच्याकडे आणत. पाटी पास झाली की ठेकेदार त्यांना पाइपलाइनच्या कामाला घेई. हदगावकडचा एक वेल्डर बायको आणि तान्ह्या लेकरासह शेजारच्या झोपडीत येऊन राहिला होता. वयानं मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो. शेतात काही उगवलं नव्हतं; हे काम मिळालं तरच त्याचं घर चालणार होतं. त्याच्या पाटीची फिल्म धुवायचं काम माझ्याकडे आलं त्याच दुपारी तो दाराशी आला.

"साहेब, लेकरू तापानं फणफणून राहिलंय. टँकर आला न्हाई. एक घागर द्या की."

अंधाऱ्या खोलीची किल्ली माझ्याजवळ होती. मी पिंपातून घागर भरून दिली. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. तळाशी उरलेल्या पाण्यात मी त्याची फिल्म कशीबशी धुतली आणि वाळत टांगली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ती दिव्यापुढे धरली. जोडाच्या मधोमध एक काळपट रेघ होती.

"सांगा, मुळाशी जोड सुटलाय की पाण्याचा ओघळ आहे?"

ओघळ असेल तर फिल्म तिरपी धरल्यावर वरच चमकतो, असं आम्हाला शिकवलं होतं. मी तिरपी धरली. चमकल्यासारखं वाटलं. पुन्हा धरली, नाही चमकलं. मामा दारात उभा होता. ओघळ म्हणावं तर पाणी कुठे गेलं ते सांगावं लागणार. जोड सुटला म्हणावं तर त्याची भाकरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. त्या वर्षी दोन्ही कोरडे पडले होते.

"सर, पाणी कमी पडलं. मी एक घागर देऊन टाकली," मी म्हणालो.

"मला दिली," मामा दारातूनच म्हणाला.

सर मला नको नको ते बोलले. मग म्हणाले, फिल्म पुन्हा धुवा, नीट बघू. पण पाणी कुठलं? पास झालेल्यांना घेऊन ठेकेदाराची जीप संध्याकाळी निघणार होती. मामा झोपडीकडे गेला आणि कालची घागर घेऊन आला. अर्धी उरली होती.

ते सगळं पाणी ट्रेमध्ये ओतलं. मी फिल्म जपून धुतली, पुसली, पंख्याखाली धरली. ओल्या हातांनी मी मनातल्या मनात नवस बोलत होतो. रेघेवरचा ओघळ खरंच निघून गेला. मला इतका आनंद झाला की मी मामाला हाक मारली. तो दिव्यापुढे वाकला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"खाली हाय की वो," तो म्हणाला. "तिथं जुळलंच न्हाई."

खाली केसासारखी सरळ, काळी रेघ तशीच होती. सरांनी मान हलवली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला आणि हळूहळू लांब गेला. मला सरांचा राग आला, फिल्मचा आला, त्या न दिसणाऱ्या किरणांचाही आला. कुणाचं काही चुकलं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

मामानं रिकामी घागर उचलली. मग ट्रेमधल्या पाण्याकडे बघितलं.

"प्यायचं न्हाई, ठावं हाय. त्यात तुमचं औषध उतरलंय. पण फडकं भिजवून लेकराच्या कपाळावर ठेवलं तर चालंल का, साहेब?"

मी सरांकडे पाहिलं. सर दिव्याकडे पाहत होते. मामा माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता, आणि मला खरंच माहीत नव्हतं.