बकरेपाद्री

रस्त्यात बकरा दिसला की आमचे पाद्रीबाबा सायकलवरून उतरायचे, त्याच्या डोक्यावर तळहात टेकवून क्षणभर उभे राहायचे आणि मगच पुढे जायचे. मुलचेऱ्याच्या बाजूची जंगलातली गावं त्यांना सरळ ‘बकरेपाद्री’ म्हणत. त्यांनाही ते नाव आवडायचं. पन्नासच्या दशकात मी नागपूरहून तिथल्या मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेले, तेव्हा मी स्वतः ख्रिस्ती असूनही मला हा माणूस थोडा चक्रमच वाटला होता.

प्रवचनाचा विषय कुठलाही असो, गाडी शेवटी जुन्या इस्राएल लोकांच्या वेदीपाशी यायचीच. होमार्पण, पापार्पण, शांत्यर्पण. काय जाळायचं, काय वाटून खायचं, हे ते अशा थाटात सांगत की जणू कालच तिथून जेवून आले आहेत. “ज्याचा बकरा, त्यानंच हात ठेवाचा,” ते म्हणत. “गड्याले धाडून चालत नसे. त्याच्या अंगची ऊब आपल्या हाताले लागली पायजे. तवा समजते, आपल्यापायी कोन जाऊन राह्यलं.” मग आवाज खाली यायचा. “देवानं येशूच्या रूपानं आपलंच कोकरू देल्लं. आता थो दुसरं मांगत नाई.” एवढंच बोलून ते खाली बसत. ते शेवटचं ऐकायला मीही जागी राहू लागले.

कापणीच्या सणाला लोक अर्पण आणत. एकदा एका खात्यापित्या शेतकऱ्यानं लंगडी कोंबडी आणली. वेदीवरचं जनावर निर्दोष हवं, ही बाबांची आवडती शिकवण. त्यांनी कोंबडी उलटीसुलटी करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, “भाऊ, जावई आला तं हेच कापसान का?” सगळी मंडळी हसली. शेतकरी तणतणत घरी गेला आणि चांगला तुरेवाला कोंबडा घेऊन परत आला.

पण त्यांची खरी ओळख मला पटली ती पैकूमुळे. पैकू तलावात मासे धरणारा ढिवर. मुलगी तापानं फणफणली तेव्हा त्यानं गावदेवी माता मायला बकरा कबूल केला होता आणि तिला आमच्याकडेही आणलं होतं. पोर उठली. पुढे नवराबायकोंनी बाप्तिस्मा घेतला, बकरा मात्र खुंट्याला तसाच राहिला. पैकूचा थोरला भाऊ लखमा यावर इतका बिथरला की त्यानं जाळं वेगळं केलं आणि बोलणं टाकलं. आणि मग मुलीला पुन्हा ताप भरला.

“बाई, माय आपला बकरा मांगून राह्यली,” पैकू माझ्यापुढे येऊन म्हणाला. नवस फेडावा तर चर्चच्या मंडळीतून बाहेर, न फेडावा तर पोर जाईल ही धास्ती. मी मुलीला तापावरचं कोयनेल दिलं आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. बाबांनी तसलं काही केलं नाही. ते त्याच्या अंगणात जाऊन बसले.

“येशूनं सारं देऊन टाकलं म्हनता,” पैकू म्हणाला. “मंग मी काय देऊ? पोरगी उठली तरी माह्ये हात रिकामेच राह्याचे का?”

बाबांनी खुंट्याच्या बकऱ्याच्या डोक्यावर तळहात टेकवला.

“पोरीच्या जीवाची किंमत म्हनून कापू नको. थे किंमत कवाचीच चुकती झाली,” ते म्हणाले. “पन आभाराचं जेवन जुन्या लोकायतही होतं. दुसऱ्या दिवसाले उरवाचं नाई, म्हनून शेजारीपाजारी बलवा लागत. थे कर. पन पह्यले लखमाच्या दारी जा. वेदीपाशी भावाचा रुसवा आठवला तं अर्पण तिथीच ठेवून पह्यले त्याच्याकडे जा, असं येशूच सांगते.”

पैकूचा चेहरा उतरला. “बाबा, बकरा देतो. थे नका सांगू.”

“म्हनूनच सांगून राह्यलो.”

पैकू गेला. लखमानं दार लावून घेतलं. मुलीचा ताप उतरला आणि अंगणात जेवण ठरलं. त्या भागात देवीपुढे बकऱ्यावर पाणी शिंपडतात आणि त्यानं अंग झटकलं की देवीनं घेतला असं मानतात. पैकूनं सवयीनं तांब्या उचलला. बाबांनी तो शांतपणे त्याच्या हातातून घेतला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग आभाराची प्रार्थना झाली, आणि लखमाच्या वाट्याचं जेवण बाबांनी स्वतः त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.

मिशनच्या वरिष्ठांपर्यंत गोष्ट पोचली ती वेगळीच: पाद्र्यानं माता मायला बकरा दिला! चूक झाली म्हणा, विषय मिटेल, असं बाबांना सांगण्यात आलं. बाबा म्हणाले, “मंग पैकूचे आभारही चुकीचे झाले ना?” त्यांचं पाद्रीपण काढून त्यांना दूर सिरोंचाकडे साधे प्रचारक म्हणून धाडलं. मला त्या साहेबांचा अजून राग येतो. बाबांइतका मोठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

निघायच्या दिवशी पैकूनं त्यांची पेटी बांबूला बांधली आणि दुसऱ्या टोकाला कोण मिळतं ते पाहत उभा राहिला. तेवढ्यात लखमा आला.

“आमच्या बकऱ्याच्या भांडनापायी तुमची जागा गेली, बाबा,” एवढं बोलून त्यानं बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. दोघे भाऊ चालू लागले. एकमेकांशी अक्षर नाही. मागून बाबा डोळे पुसत होते, त्यांच्या मागून मी.

नाला ओलांडल्यावर लखमानं मागे न पाहताच विचारलं, “पैकू, खांदा बदलतं का रे?”