भाऊजी मशीन भरतात

माझे धाकटे दीर आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं होतं, "वहिनी, चार दिवसांचा मुक्काम." त्या चार दिवसांना आता बरीच वर्षं झाली. माझे यजमान गेल्यावर घरात एक खोली रिकामी होती. भाऊजींची बायको त्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. तेव्हा त्यांनी आमच्याकडे यावं यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते एकट्या त्यांना.

त्यांच्या खोलीत चांगलं ऐसपैस कपाट आहे. त्यात भाऊजींनी एक छत्री ठेवली आहे. बाकी सगळं, म्हणजे सदरे, मफलर, जुन्या चष्म्यांची घरं, बायकोचा फोटो, पलंगाखालच्या काळ्या ट्रंकेत. रोज सकाळी ट्रंक ओढायची, सदरा काढायचा, ट्रंक परत आत सारायची. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, फरशीला चर पडला त्या ट्रंकेने. कपाटाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"असू द्या हो. ऐन वेळी धावपळ नको."

"कसली ऐन वेळ? कुठे निघालात?"

"कुठे नाही. पण असू द्या."

भाऊजींचा सगळा जन्म लोकांचं घरसामान हलवण्यात गेला. घर बदलणाऱ्यांचं सामान ट्रकमध्ये भरायचं आणि दुसऱ्या गावी उतरवायचं, हे त्यांच्या कंपनीचं काम. आणि ट्रक भरावा तर भाऊजींनीच. कंपनीत त्यांना ठासूभाऊ म्हणत. निवृत्तीच्या दिवशी मालकांनी भाषणातही ठासूभाऊच म्हटलं, खरं नाव त्यांना ऐनवेळी आठवेना. त्यांनी भरलेल्या ट्रकमध्ये, म्हणे, खड्ड्यातून जातानासुद्धा चमचा वाजत नसे. एका गिऱ्हाइकाचं लंबकाचं घड्याळ त्यांनी घाट उतरवून नेलं, ती गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा घड्याळाची काच शाबूत पोचली होती. पुढे ते चालू स्थितीत पोचू लागलं. हल्ली ते ट्रकमधून उतरता उतरता बरोबर टोले देतं.

त्यांचे नियम ठरलेले. सगळा माल अंगणात आल्याशिवाय भरायला सुरुवात करायची नाही. जड ते खाली. पोकळ वस्तू रिकामी जाऊ द्यायची नाही, तिच्या पोटात दुसरं काहीतरी गेलंच पाहिजे. आणि भरून झाल्यावर खांद्याने एक धक्का द्यायचा. काही हललं, तर सगळं उतरवून पुन्हा भरायचं.

आता असा माणूस आणि आमचं भांडी धुवायचं मशीन एका घरात आल्यावर काय होणार?

मशीन सूनबाईने घेतलं होतं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातलं धुऊन आल्यावर घरी पुन्हा ताटल्या धुवायला तिचा हात वळत नसे, आणि ते बरोबरच होतं. मशीन आलं तेव्हा जो तो आपली बशी त्यात जमेल तशी टाके. मशीन पूर्ण भरल्याशिवाय चालू करायचं नाही, असं ठरलं होतं; भाऊजींनी दोन दिवस ते नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझा मुलगा वाडगा ठेवत असताना त्यांना राहवलं नाही.

"हे काय करतोयस?"

"वाडगा ठेवतोय, काका."

"वाडगा ठेवतोयस की फेकतोयस? अरे, त्याच्या पोटात दोन वाट्या मावतात. सरक."

मुलगा सरकला तो कायमचाच. त्या दिवसापासून मशीन भाऊजी भरू लागले. पातेल्यात पातेली, पातेल्यात वाटी, वाटीत गाळणी, दोन ताटल्यांच्या फटीत उलथनं. दार लावायच्या आधी जाळीला कोपराने एक धक्का. काही वाजलं नाही की चेहऱ्यावर असं समाधान, जणू घड्याळाने टोले दिले. मशीन चालू झालं तरी आवाज कसला तो नाही. पाहुण्यांना आम्ही कौतुकाने सांगायचो, आमचं मशीन किती शांत चालतं.

पहाटे उठून ते रिकामंही तेच करत. मला पडल्या पडल्या नळाचा आवाज येई. "काय चाललंय भाऊजी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही वहिनी, हात धुतोय." मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर नखं तपासून वर्गात घेत, पण इतका वेळ हात तर त्यांनीही कधी धुऊन घेतले नाहीत. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतं, असं समजून मी कूस बदलत असे.

खरी अडचण होती ती अंगणाची. भाऊजींच्या लेखी आमचा स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे अंगण. दिवसभरातलं शेवटचं भांडं आल्याशिवाय भरायला सुरुवात नाही, आणि तोवर दुसऱ्या कुणी मशीनला हात लावायचा नाही. दुपारपासून उष्टे कप, दुधाचं पातेलं, डबे, सुऱ्या, सगळं ओट्यावर आकारमानाने ओळीत उभं. सूनबाई कामावरून येई तेव्हा तिला भाजी चिरायला टीचभर जागा नसे. एके दिवशी ती पर्स खांद्याला तशीच ठेवून म्हणाली, "आई, आपण दुसरं मशीन घेऊया."

"अगं, एक आहे ना?"

"एक काकांचं आहे. मला एक माझं हवंय. उष्टा कप दिसला की सरळ आत. मुहूर्त नाही, रांग नाही. ओट्याखालचं मोठ्या भांड्यांचं कपाट काढलं तर बरोबर बसेल, मी मापं घेतलीत."

मुलगा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "चार माणसांच्या घरात दोन मशिनं? लोक विचारतील, खानावळ काढली का."

"खानावळीत ओटा तरी मोकळा असतो."

"काका, तुम्हाला काय वाटतं?" मुलाने चेंडू टोलवला.

भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, एकात सगळं मावतं. एक वाटी कधी बाहेर राहिलीय का? राहिली असेल तर सांग."

"मावण्याचा प्रश्नच नाही हो काका."

"मग दुसरं आणल्यावर... हे मी भरायचं, की तेही नाही?"

प्रश्न हळू आवाजात विचारला होता. सूनबाई फ्रीज उघडून त्यात काहीतरी शोधत होती. तिने ऐकला की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत कपडे ठेवायला गेले तर ट्रंकेच्या कडीला ताजं तेल दिलेलं. हा माणूस भांडणार नाही, रुसणार नाही. एक दिवस छत्री उचलेल आणि "वहिनी, मुक्काम संपला" म्हणून चालू लागेल. सांगून सवरून कुठल्या तरी वृद्धाश्रमात जाईल आणि तिथल्या लोकांची कपाटं भरून देईल.

मी मुलाला म्हटलं, "दुसरं मशीन राहू द्या." तो म्हणाला, "आई, तूच तिला सांग." सूनबाईला सांगायला गेले तर ओट्यावर अकरा कप होते. मी मुकाट्याने परत फिरले.

एवढ्यात भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. भाऊजी डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बांधून खोलीत बसले आणि मशीन बेवारस झालं. माझी नात सुट्टीला होस्टेलवरून आली होती. त्या रात्रीची भांडी मुलाने भरली, म्हणजे आपली टाकली. दार लावलं, बटण दाबलं आणि आतून घपक् घपक्, सळसळ, घपक् असा आवाज यायला लागला.

सूनबाई धावत आली. "बंद करा! काय केलंत?"

"मी कुठे काय केलं? दार लावलं फक्त."

"असा आवाज आजवर कधी आलाय? गेलं मशीन. काकांनी एक दिवस हात लावला नाही तर गेलं! आता एक काय, दोन घ्यावी लागणार."

मुलगा दाराला कान लावून वैद्यासारखा ऐकत होता. मी चपलेने मशीनचा पाय हलतोय का ते पाहिलं. नात टेबलावर बसून सफरचंद खात होती. ती म्हणाली, "तुम्ही सगळे असे का उभे आहात?"

"अगं, आवाज ऐकतेस ना?"

"असाच असतो आवाज. आत पाण्याचा पंखा फिरतो तो. आमच्या होस्टेलचं मशीन याहून मोठ्याने ओरडतं. आपला कधी येत नव्हता?"

"नाही."

"मग आपला पंखा फिरत नव्हता."

"पंखा फिरत नसेल तर भांडी कशी निघायची धुऊन?" मुलाने विचारलं.

"तेच तर मी विचारतेय बाबा. नाही निघणार."

"पण सकाळी तर लख्ख असायची," सूनबाई म्हणाली. आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मला पहाटेचा तो नळ ऐकू आला. हात धुतोय, वहिनी. म्हणजे सूनबाई ज्या दुसऱ्या मशीनसाठी मापं घेत होती, ते आमच्या घरात केव्हाच आलेलं होतं. ते पहाटे चाले, चष्मा लावी आणि लंबकाच्या घड्याळाच्या गोष्टी सांगे.

सकाळी मशीन उघडलं तर भांडी खरोखरच स्वच्छ. कुणी हात लावला नव्हता. मी पहिल्यांदाच त्या मशीनची मेहनत पाहिली. मग चहा घेऊन भाऊजींच्या खोलीत गेले आणि आडून विचारलं, "भाऊजी, आपलं मशीन म्हातारं झालंय का हो?"

ते दचकले. एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाले, "झालंय. पण कुणाला बोलू नका. मधल्या पातेल्यांना पाणीच पोचत नाही त्याचं. मी सांभाळून घेतो. सूनबाईला कळलं तर उद्याच दुसरं आणेल."

"आणि आणलं तर?"

"तर काय. ते नवीन. स्वतःचं स्वतः करील सगळं."

यावर घरात खलबत झालं. मुलगा म्हणाला, "काकांना काही सांगू नका, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. दुसरं आणून टाकू." नात म्हणाली, "सांगायचं नाही काय? रोज पहाटे पाण्यात हात घालून बसतात ते." सूनबाई काहीच बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा मला तिची जास्त भीती वाटते.

डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी संध्याकाळी भाऊजी ओट्यापाशी हजर. माल अंगणात, जड ते खाली, पोकळात पोकळ. कोपराने धक्का दिला. काही हललं नाही. ते दार लावणार इतक्यात सूनबाई पदर खोचून पुढे आली.

"काका, थांबा. ट्रक फार सुंदर भरलात."

"मग!"

"पण ड्रायव्हर कुठे बसणार?"

"कसला ड्रायव्हर?"

तिने खालची जाळी बाहेर ओढली. "हा पंखा. हा फिरला तर गाडी चालते. तुम्ही त्याच्या मांडीवर कुकर ठेवलाय."

भाऊजी हळूच खाली बसले. त्यांनी कुकर उचलून बाजूला ठेवला. मग एक बोट पुढे करून पंख्याला ढकललं. पंखा फिरला आणि उलथन्याला अडला. उलथनं काढलं. पुन्हा ढकललं. यावेळी तो गर्रकन फिरला, एक फेरी, दुसरी, आणि हळूहळू थांबला. मला वाटलं, आता उठतील आणि खोलीत जातील; तेल दिलेल्या कडीचा तर आवाजही येणार नाही.

"म्हणजे हे म्हातारं नव्हतं," भाऊजी म्हणाले.

"मुळीच नाही."

"ड्रायव्हरला उभं ठेवून मी..." त्यांनी मान हलवली. "छे छे. आमच्या कंपनीत यासाठी हाकलून देत." आणि मग सूनबाईकडे बघून म्हणाले, "तू आधी का नाही बोललीस गं?"

"तुम्ही हात लावू द्याल तर ना! आणि भरायचं तुम्हीच, काका. तुमच्या पुतण्याला तर वाडगा कुठल्या बाजूने ठेवायचा तेही कळत नाही."

"मी इथेच उभा आहे," माझा मुलगा म्हणाला.

"दिसतंय. सरक," भाऊजी म्हणाले.

मशीन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून भरलं. प्रत्येक भांड्यानंतर पंखा बोटाने फिरवून बघत. भरून झालं तेव्हा ओट्यावर कुकर, दोन पातेली, कढई आणि डब्यांचा ढीग उरला. त्या ढिगाकडे ते कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा माल बाहेर राहिला होता.

"सूनबाई."

"काय काका?"

"एकात भागत नाही गं. दुसरं मशीन घ्यायला हवं."

सूनबाई खुर्चीत बसली. "अहो काका, तेच मी गेले कितीतरी दिवस..."

"तुझं कारण चुकीचं होतं. कपासाठी कुणी मशीन घेतं का? कुकरसाठी घ्यायचं. कुठे बसवणार म्हणालीस?"

"आता नको म्हणतेय मी! पंखा फिरतोय ना आता? दोनदा लावू. उगाच खर्च."

"दोनदा लावायचं म्हणजे ट्रकच्या दोन खेपा. त्याला काय अर्थ आहे?"

यावर त्यांची जुंपली ती जेवण होईपर्यंत. मुलगा आधी काकांच्या बाजूने होता, मग बायकोच्या बाजूने, शेवटी पोळी संपली म्हणून उठला. मला मात्र इतकं बरं वाटत होतं की मी कुणाचीच बाजू घेतली नाही.

अखेर सूनबाई हरली, म्हणजे तिला जे हवं होतं तेच आणायचं ठरलं. मशीन यायच्या आदल्या दिवशी ओट्याखालचं कपाट रिकामं करायचं होतं. त्यातली मोठी भांडी ठेवायची कुठे, हा प्रश्न होता. सकाळी मी उठले तर भाऊजींच्या खोलीतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला, पण नेहमीचा नाही. ती जड नव्हती. दारातून पाहिलं तर पलंगावर सदऱ्यांची चळत, मफलर, चष्म्याची घरं. बायकोचा फोटो आधीच कपाटात, छत्रीच्या शेजारी, वरच्या फळीवर उभा केलेला.

"वहिनी, जरा त्या मोठ्या परातीला हात लावा," ते ओणवे होऊन म्हणाले. "डॉक्टरांनी जड उचलायला अजून मना केलंय."

मी परात पुढे केली. त्यांनी ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली, तिच्यात पातेलं, पातेल्यात डबा, डब्यात झारे. मग ट्रंकेला कोपराने एक धक्का दिला आणि कान लावून ऐकलं.

काही हललं नाही.