स्टॅच्यू, ओव्हर
चिरलेल्या कांद्याचा वास आला की मला ठाकुर्लीच्या आमच्या जुन्या घरातली ती दुपार आठवते. धाकटी बहीण भाजी निवडता निवडता आडवी झाली, डोळे फिरले, हातपाय ताडताड उडायला लागले, आणि शेजारच्या काकू फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या. “अगं, फिट आलीये, हुंगव तिला!” असं ओरडत त्यांनी तो तिच्या नाकाशी दाबून धरला. झटके आपोआप थांबले, पण तिच्या केसांत आणि आईच्या पदरात तो वास तसाच घेऊन आम्ही कल्याणला डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, “याआधी कधी बोलता बोलता थांबायची का? एकटक बघायची, तोंडात काही चघळल्यासारखं करायची?” बाबा चक्क हसले. “ते होय! ते तर नेहमीचंच. आम्ही तिला स्टॅच्यूच म्हणतो.” घरात तो खेळच झालेला, ती थबकली की कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हणायचं, थोड्या वेळाने ‘ओव्हर’, आणि सगळे हसायचे, मग तीही गोंधळून हसायची. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “त्यासुद्धा फिटच होत्या,” त्या म्हणाल्या, “फक्त झटके नसलेल्या.” आई पदर नाकाशी धरून बसून राहिली. आज सकाळी पोह्यांसाठी कांदा चिरताना बहीण अशीच मधे थांबली. मी तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली आणि वाट बघत उभी राहिले. तो खेळ होता तेव्हा वाटायचं, ‘ओव्हर’ म्हटलं म्हणूनच ती परत येते.