मितभाषी मंत्र्याची मेव्हणी

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मंत्री झाले ते एका दाढेमुळे. वर्तमानपत्रांनी त्यांच्या निवडीची मोठी भारदस्त कारणं छापली होती. छापोत बापडे, पण ती सगळी ऐकीव. मी तिथं हजर होते.

पन्नास सालानंतरची ती पहिली वर्षं. मी चिंचवडला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि ताईकडेच राहत होते. भावजी पुण्याच्या कोर्टात वकिली करायचे. मूळ घराणं चाकणजवळचं, शेतकऱ्याचं. घरात शिकलेले हेच पहिले. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचा फार. फार म्हणजे किती? कोर्टात ते उभे राहिले की समोरचा वकील बाहेर जाऊन डबा खाऊन यायचा, आणि परत आल्यावर त्याचं काही चुकलेलं नसायचं. घरी सकाळी दाढी करताना आरशाशी, मग पाणी तापेपर्यंत बंबाशी आणि संध्याकाळी म्हशीशी त्यांचं बोलणं चालू. ताई म्हणायची, "आमची म्हैस लवकर पान्हा सोडते ती यांनी गोठ्यातून जावं म्हणून."

पहिली निवडणूक आली आणि पक्षाने भावजींना उभं केलं. ते निवडून आले तेही बोलण्याच्याच जोरावर, पण लोक म्हणतात त्या अर्थाने नव्हे. गावातल्या पारावर ते सकाळी चढायचे आणि दिवस कलला तरी उतरायचे नाहीत, त्यामुळे विरोधकांना सभेला पारच मिळायचा नाही.

गळ्यातले हार सुकायच्या आत भावजींची दाढ सुजली. पिंपरीला तेव्हा निर्वासितांची छावणी होती आणि तिथं एक सिंधी दाताचे डॉक्टर पत्र्याच्या खोलीत खुर्ची मांडून बसायचे. भावजींना घेऊन आम्ही दोघी बहिणी गेलो. दाढ उपटताना भावजी फाळणीबद्दल आपलं मत सांगत होते, त्यामुळे ती अर्धीच निघाली आणि डॉक्टरांना दुसऱ्यांदा चिमटा घालावा लागला. बिचारे घामाघूम झाले. त्यांनी तोंडात कापसाचे बोळे कोंबले, हनुवटीखालून डोक्यापर्यंत पट्टी बांधली आणि बजावलं, "वकीलसाब, आठ दिन मुँह बंद. खोलोगे तो खून आएगा."

ताई हळूच म्हणाली, "डॉक्टर, पंधरा सांगितले असते तर चाललं नसतं का?"

दुसऱ्याच दिवशी मुंबईहून तार आली. मंत्रिमंडळ ठरत होतं, सगळ्या निवडून आलेल्यांनी निघून यावं. भावजींनी हातवारे करून विचारलं की अशा अवस्थेत जाऊन करू काय. ताई म्हणाली, "बसून राहा. बाकीचे तरी दुसरं काय करणार आहेत?" माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली होती, म्हणून दुभाषी म्हणून मला बरोबर घेतलं. ताईही निघालीच. चिंचवडहून गाडी धरली आणि दादरला भावजींच्या बहिणीच्या घरी उतरलो.

पक्षात तेव्हा दोन तट होते. भांडण नेमकं कशावरून होतं ते मला कळलं नाही, बहुधा त्यांनाही ते आठवत नसावं. संध्याकाळी पहिल्या तटाचे एक पुढारी आले. अंगाने गुबगुबीत, कडक इस्त्रीची खादी. पट्टीबद्दल त्यांनी विचारलंसुद्धा नाही. उपरण्याने भावजींनी ती बरीचशी झाकली होती. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय वकीलसाहेब, आपण आमच्याकडेच ना?"

भावजींनी दोन्ही हात जोरजोराने हलवले आणि "अं अं अंऽऽ" असं काहीतरी केलं. पुढाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ते म्हणतात, आपण वडीलधारे. आपल्याला हे वेगळं सांगायला हवं का?"

पुढाऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांनी भावजींचा हात हातात घेऊन दाबला आणि गेले. भावजी माझ्याकडे डोळे वटारून पाहत राहिले. आता मी तरी काय करणार? पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

दिवा लागायच्या सुमारास दुसऱ्या तटाचे पुढारी आले. हे काटकुळे, बोलताना सारखं दाराकडे बघणारे. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. भावजींनी पुन्हा हात हलवले, शिवाय या खेपेला मानही हलवली.

"ते म्हणतात, मनातलं चारचौघांत बोलायची ही वेळ नव्हे," मी सांगितलं.

"समजलो," काटकुळे पुढारी कुजबुजले, "अगदी समजलो," आणि मागच्या जिन्याने उतरून गेले.

भावजींनी रागाने कागद ओढला आणि मला उद्देशून चार ओळी खरडल्या. त्यांचं अक्षर त्यांच्या कारकुनाखेरीज कुणालाच लागत नसे. चेहऱ्याच्या रंगावरून शिव्या असाव्यात. ताई मात्र स्वयंपाकघरात पदर तोंडावर धरून हसत होती.

झालं असं की एकेक नाव निघालं की एक तट हो म्हणायचा, दुसरा नाही. भावजींचं नाव निघालं तेव्हा दोन्ही तट एकदम हो म्हणाले, कारण दोघांनाही ते आपलेच वाटले. शपथेच्या दिवशी सूज बरीच उतरली होती. भावजींनी ती शपथ एका बाजूच्या दातांनी, थांबत थांबत घेतली, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं, केवढा हा गंभीर माणूस! पक्षाचे एक श्रेष्ठी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "असेच मितभाषी राहा. आपल्यात बोलणारे फार झालेत."

खातं मिळालं मासेमारीचं. चाकणजवळच्या ज्या गावात पावसाळ्यातच काय तो ओढा वाहायचा, तिथल्या माणसाला समुद्र दिला. भावजींची आई, ज्यांना आम्ही सगळे आत्या म्हणायचो, त्यांना ही बातमी सांगायला मीच गेले. त्या माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नसे. त्यांनी विचारलं, "मासळीचा मंत्री? मंग त्याला गळ्यातली माळ काढावी लागंल का?"

"नाही हो आत्या, फक्त सह्या करायच्या."

"मंग ठीक हाय. सही करून हात धू म्हनावं."

दाढ बरी झाली, पण भावजींचं तोंड उघडलं नाही. उघडायचं धाडस होत नव्हतं. पेपरवाल्यांनी 'मितभाषी मंत्री' असं नाव पाडलं होतं आणि खात्याचे सचिव रोज सकाळी नम्रपणे सांगायचे, "सर, आज काही बोलला नाहीत तर उत्तम." दिवाळीच्या सुटीत मी मुंबईच्या त्यांच्या सरकारी बंगल्यावर गेले. जेवणाचं टेबल एवढं लांब की वाढणाऱ्याला चालत जावं लागे. भावजी एका टोकाला बसून मुकाट्याने भाकरी मोडत होते. रात्री ताई माझ्याजवळ येऊन बसली आणि रडायला लागली. मी घाबरलेच.

"हे बोलतच नाहीत गं," ती म्हणाली. "तिकडे बोलायचं नाही म्हणून इकडेही सवय गेली. काल मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. तरी गप्प!"

इतकी वर्षं ज्या बडबडीला ती नाक मुरडत आली होती तिच्यासाठी ती रडत होती. हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या गप्प बसण्याने काही कामंही झाली. एकदा कोळणींचं शिष्टमंडळ आलं. पंधरा-वीस बायका एकदम बोलत होत्या, सचिवांनी नाकाला रुमाल लावलेला. भावजी दोन तास ऐकत राहिले. कोळणींनी बाहेर येऊन सांगितलं की आमचं ऐकून घेणारा सरकारातला हा पहिलाच पुरुष. बाजारात त्यांना डोक्यावर पत्रा हवा होता, तो भावजींनी महिन्याभरात घालून दिला. त्या खूश होऊन टोपलीभर पापलेटं घेऊन बंगल्यावर आल्या. ताईने ती हात न लावता, काठीने ढकलत माळ्याच्या घरी पोचवली.

मग पिंपरीच्या बाजूचं प्रकरण निघालं. तिकडे मोठे कारखाने यायचे होते आणि त्यासाठी काही गावांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. लोक बिथरले होते. श्रेष्ठींनी विचार केला की मासेमारी मंत्र्याचा संबंध नसला तरी माणूस तिथला आहे, शिवाय बोलत नाही. तेव्हा त्याला पाठवावं. भावजींना सांगण्यात आलं, "तुम्ही फक्त व्यासपीठावर दिसा. बाकी अधिकारी बघतील."

सभा देवळापुढच्या पटांगणात होती. बायका एका बाजूला बसल्या होत्या. त्यांत ताई, मी आणि चाकणहून मुद्दाम आलेल्या आत्या. अधिकाऱ्याने तासभर भाषण केलं. त्यात राष्ट्र होतं, प्रगती होती, नियमानुसार मोबदला होता. कुणाला काही कळलं नाही. शेवटी एक म्हातारा शेतकरी काठी टेकत उभा राहिला.

"सायबाचं झालं. आता आमच्या वकीलसायबानं सांगावं. जमीन जानार का ऱ्हानार?"

भावजी उठले. हात जोडले. सवयीने नुसती मान हलवली आणि परत बसायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"अहो! घरी बोलत नाही ते नाही, इथं तरी बोला!"

ती ताई होती. भर सभेत, शे-दोनशे पुरुषांसमोर बाईने नवऱ्याला हाक मारली होती. सगळं पटांगण आमच्याकडे वळून बघायला लागलं. ताईने पदर डोक्यावर ओढून घेतला, पण मान खाली घातली नाही. आत्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बरूबर हाय तिचं. बोल रं!"

भावजींनी एकदा ताईकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली. आणि जे सुरू झालं ते काय सांगू! पुण्याची शुद्ध भाषा गेली कुठल्या कुठं. "गड्यांनो, जमीन जानार. जानार न्हाई म्हनंल त्यो खोटं बोलतोय. मला दुःख होतंय का? व्हय, होतंय. पन रडून ती ऱ्हायची न्हाई. म्हनून आता नीट ऐका." मग त्यांनी सांगितलं, कुठल्याही कागदावर वकिलाने वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका. पहिला भाव कबूल करू नका. पैसे आले की घरच्या बाईला समोर बसवून मोजा. आणि दर घरामागे एकाला कारखान्यात काम, हे लेखी मागा. अधिकारी भावजींचा सदरा मागून ओढत होता. भावजींनी त्याचा हात झटकला आणि बोलणं चालूच ठेवलं. कुणीतरी गॅसबत्त्या पेटवून आणल्या. लोकांची जेवणं राहिली, पण एकही माणूस उठला नाही. मी ताईकडे पाहिलं तर ती आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून आरामात ऐकत होती.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत. भावजींनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला, असं पेपरात आलं. ते वाचून ताई म्हणाली, "प्रकृती तर आत्ताच कुठे सुधारली."

मंडळी चिंचवडला परतली. भावजींनी पुन्हा काळा कोट चढवला आणि त्या गावांची कज्जेदलाली नाही, चांगली सरळ वकिली केली. भाव बराच वाढून मिळाला. काम मात्र प्रत्येक घराला मिळालं नाही. मिळालं त्यांनी दुवा दिला, राहिले त्यांनी नावं ठेवली. पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट दिलं नाही, म्हणून भावजी अपक्ष उभे राहिले आणि सपाटून आपटले. आठवडाभर त्यांनी घरी आम्हाला पराभवाची कारणं समजावून सांगितली. आम्ही ऐकली. बरं वाटलं.

नंतर त्यांना एक नाद लागला. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा वाजायच्या वेळी ते गेटासमोरच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसत आणि ओळखीचा कुणी दिसला की धरत. पोरं हात जोडून म्हणायची, "वकीलसाहेब, सुटल्यावर बोलू हो, आता शिफ्ट लागलीय." एके दिवशी ताईने मला त्यांना जेवायला बोलवायला पाठवलं. भावजी एका नव्या कामगाराला जमीनमहसुलाचा कायदा समजावत होते. मराठवाड्यातून आलेला गडी, हातात वळकटी तशीच. भावजी पान आणायला पलीकडच्या टपरीवर गेले तसं त्याने मला विचारलं, "बाई, हे कोण म्हणायचे?"

"मंत्री होते," मी म्हटलं.

तो हसला. "थट्टा करता व्हय? मंत्री कशाला बसंल माझ्यासंगं?"

भावजी परत आले. मी म्हटलं, "चला, ताई वाट बघतेय." ते त्या गड्याला म्हणाले, "वळकटी उचल. कलम अजून अर्धंच झालंय, उरलेलं जेवताना सांगतो." आणि ते दोघं माझ्या पुढे चालायला लागले. घरी ताईने काही न विचारता आणखी एक पाट मांडला.