ठिगळाची बाहुली

चांदूर बाजारच्या गीतांजलीला जुन्या कपड्यांचं भारी वेड. जुन्यावर भांडी देणाऱ्या बाईचं गाठोडं दारात सुटलं, की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हिला पत्ता नसतो. मग एका डोळ्याला शर्टाचं बटण, दुसऱ्याला फुटक्या बांगडीची काच, अशा तिरप्या नजरेच्या बाहुल्या ती करते. अमरावतीची गिऱ्हाइकं त्यांच्यावर खूष.

परवा गाठोड्यातून हिरवं लुगडं निघालं. शेजारच्या पार्बताबाईंचं. त्या दिवाळीआधीच वारल्या. लुगड्यावरचं लाल ठिगळ गीतांजलीनंच लावून दिलेलं. तिनं ओळखलं, आणि तरी कात्री चालवली. इतकं मऊ सूत पुन्हा कुठं मिळणार होतं! ठिगळ तेवढं हौसेनं बाहुलीच्या पोटावर घेतलं.

आज पार्बताबाईंचे वामनराव काठी टेकत आले. "सुनेनं तिचं हिरवं लुगडं भांडेवालीले देऊन टाकलं वं. तुह्याकडं तं नाई आलं?"

"नाई जी, काकाजी," ती पटकन बोलून गेली. जीभ कशी रेटली, तिचं तिलाच कळलं नाही.

म्हातारा थकून बाजेवर बसला. बाहुली तिथंच पडली होती. त्यांना दिसतं कमीच. हाताला लागली तशी त्यांनी ती चाचपली. अंगठा ठिगळावर थांबला, टाक्यांवरून हळूहळू फिरला.

वामनरावांनी बाहुलीचा घसरलेला पदर डोक्यावर सारखा केला, तिला बाजेवर ठेवलं आणि उठताना म्हणाले, "हिले रातच्याले उघडी नको ठेवू, पोरी. तिले थंडी सोसत नाई."