तक्रार भासऱ्याजवळ कशी सांगावी

आम्ही बोरी सोडली त्या दिवशी आमचा निरोप दोनदा झाला, आणि त्याला कारण मी.

टेम्पो भरून झाला होता. आई ओट्यावर डोळ्याला पदर लावून बसली होती. शेजारच्या बायांनी मीनाची, म्हणजे आमच्या मंडळींची, ओटी भरली होती. निरोपाच्या भरात माणूस उगाच उदार होतो. मी धाकट्या भावाला, दिनूला, जवळ घेतलं आणि सामानातलं एक पांढरं, कासवाच्या पाठीसारखं यंत्र त्याच्या हातात ठेवलं. "घे, गिरणीत लाव. डास फार झाले तुमच्याकडं." निळसर उजेड देणारं ते यंत्र त्याआधी दोन-तीन रात्री मी स्वतः उशाशी लावून झोपलो होतो. डास एकही मेला नव्हता, पण माझा विश्वास ढळला नव्हता.

अर्ध्या रस्त्यात मीनानं विचारलं, "माझा लॅम्प कुठं ठेवला जी?"

नखाला जेल लावलं की बोटं त्या लॅम्पखाली धरतात, मग ते वाळून कडक होतं. तो नसेल तर मीनाचं नवं पार्लर म्हणजे एक खुर्ची आणि एक आरसा. टेम्पो वळवला. घरी पोचलो तेव्हा आई रडणं आटोपून भाकर-ठेचा घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं. "काहून रे, काय राह्यलं?" दुसऱ्यांदा निघालो तेव्हा कोणी रडलं नाही. दिनू म्हणाला, "भाऊ, आता काही राह्यलं असंल तर फोन करजो. एसटीत ठेवून देईन."

आणि खरं सांगायचं तर आमच्या स्थलांतराचं सगळं दुःख त्या एका वाक्यात आहे. जे पुण्याला गेले, बंगलोरला गेले, परदेशात गेले, ते लोक गेले. आम्ही बोरीहून यवतमाळला आलो, तासाभराच्या रस्त्यावर. याला कोणी जाणं म्हणत नाही. बंगलोरचा चुलतभाऊ दिवाळीला आला की गावात बातमी होते. आम्ही गेलो की विचारतात, "आज कसं काय? बाजाराले आलते का?" हे वाचून तुम्ही दूर गेलेले मला हसाल. पण सकाळी डोळे उघडताना गिरणीच्या पट्ट्याचा जो आवाज कानी पडायचा, तो तासाभराच्या अंतरावरही येत नाही, आणि बंगलोरलाही येत नाही.

मुलीला यवतमाळात कॉलेज होतं, मीनानं एसटीनं ये-जा करून नखांचा कोर्स केला होता, आणि दोन भावांना एक पिठाची गिरणी पुरत नव्हती. म्हणून गिरणी दिनूकडं, आई दिनूकडं, आणि आम्ही इकडं भाड्याच्या घरात. समोरच्या खोलीत पार्लर. मी दिवसभर एका बी-बियाण्यांच्या दुकानात हिशेब पाहतो आणि संध्याकाळी पार्लरच्या टेबलावर बसतो. मीना नखं घासायला लागली की पांढरी भुकटी उडते आणि माझ्या भुवयांवर बसते. आरशात पाहिलं की क्षणभर वाटतं, गिरणीतच आहे. फक्त वास ज्वारीचा नाही, अ‍ॅसिटोनचा. ज्या घरात लहानपणी कापसाच्या गंजीवर उड्या मारल्या, त्या घरचा मी आता कापूस पुडक्यात विकत आणतो. जेल काढायचं तर कापसाचा बोळा त्या अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवतात आणि वरून चांदीचा कागद गुंडाळतात. बाया दहा बोटांना दहा चांदीच्या टोप्या घालून बसलेल्या असतात आणि अशा वेळी त्यांना फोन येतो. तो कानाला धरायचं काम माझं.

तक्रारी ऐकायचं कामही माझंच. मीच मागून घेतलं. गिरणीवर माझा जन्म तक्रारी ऐकण्यातच गेला होता. "पीठ जाडं आलं", "माझ्या गव्हात कोणाची ज्वारी आली". बाबा सांगायचे, "गिऱ्हाईक भांडत आलं तर आधी पिठाकडं नाही, त्याच्या तोंडाकडं पाहावं. बरेचदा भांडण घरचंच असते." तेव्हा मी म्हटलं, पीठ काय आणि नख काय. पाटीवर माझा मोबाइल नंबर टाकला.

पहिली तक्रार फोटोच्या रूपानं आली. एका शिक्षिकाबाईंनी अंगठ्याचा फोटो पाठवला, जेल कोपऱ्यातून उचललेलं. मी उत्तरादाखल अंगठ्याचंच चित्र पाठवलं, छान आहे या अर्थाचं. मला वाटलं, बाई आनंदानं दाखवत आहेत. त्या तासाभरात हजर झाल्या.

मीनाची पद्धत मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ती वाद घालत नाही. हात हातात घेते आणि विचारते, "या हातानं काय काय केलं?" त्यातच सगळं निघतं. कोणी अंगठ्यानं डबे उघडते, कोणी लेबल खरवडते, कोणी डोक्याला तेल चोपडून तसंच नख पुढं करते. जेल दोन आठवडे टिकतं, हात सुखी असतील तर तीन. तेलकट नखावर ते धरत नाही. भांड्यांच्या पाण्यात, घासणीखाली लवकर सुटतं. एक बाई चिडून आल्या की जेल खाली सरकलं, मुळाशी जागा पडली. मीना म्हणाली, "जेल तिथंच हाय ताई, नख वाढलं." चारेक दिवसांत निघालं तर ती पुन्हा बसवून देते, एक शब्द न बोलता. आणि प्रत्येकीला बजावते की सुटायला लागलं तर ओढू नका, खरवडू नका. जेलबरोबर नखाचा पापुद्रा येतो आणि नख महिनोन् महिने कांद्याच्या सालीसारखं राहतं. यवतमाळच्या बाया आठवड्याला भांडतात आणि पंधरवड्याला पुन्हा येतात. पार्लर त्यांच्यावरच उभं राहिलं.

बोरीच्या बायांचं मात्र उलट झालं. सुरुवातीला लग्नसराईत त्या जीप करून आल्या. मीना त्या दिवशी नवी साडी नेसली होती. "नखं रंगवाले यवतमाळले चालली" असे टोमणे तिला गावात ज्यांनी मारले होते, त्याच बाया आता तिच्यापुढं हात धरून बसल्या होत्या. मी टेबलावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "तीन आठवडे काही होत नाही. माझी गॅरंटी." मीनानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं दळणात खडा निघाल्यावर पाहतात.

त्यानंतर गावातून एकही तक्रार आली नाही. मी हे चारचौघांत सांगत असे. मीना एकदा म्हणाली, "तक्रारही येत नाही अन् बायाही येत नाहीत." मी म्हटलं, जेल चांगलं टिकलं असेल. ती पुन्हा नख घासायला लागली. पण गावाहून कोणाचा फोन आला की ती हातातलं काम थांबवून कान देई, आणि फोन सोयाबीनबद्दल निघाला की पुन्हा खाली मान घाली. मला कळत होतं. गाव सोडलं त्याचं तिला वाईट नव्हतं. गावानं तिला सोडलं की काय, याचं होतं.

यंदा पोळ्याच्या आधी तिनं जावेला, दिनूच्या मंगलाला, आग्रह करून बोलावून घेतलं. मंगला अबोल बाई, त्यातून माझ्यापुढं जास्तच. मी तिचा भासरा ना, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं सून भासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तिचं एक वाक्य माझ्या वाट्याला आलेलं नव्हतं. ती टेबलाकडं पाठ करून बसली. डाळिंबी रंग निवडला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं असेल. मी कॅलेंडरकडं पाहत म्हटलं, "सांग त्यांना, तीन आठवडे बिनघोर." मीना हळूच तिला म्हणाली, "यांचं ऐकू नको. दोन हप्ते. अन् काही झालं तर फोन करजो."

फोन आला नाही. आठ-दहा दिवसांनी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाला आम्ही बोरीला गेलो.

आम्हाला देवासमोरच्या पंगतीत, भोवती रांगोळी काढलेल्या ताटावर बसवलं. दिनू आग्रह करकरून पुरणपोळीवर तूप ओतत होता. मीना उठून वाढायला गेली तर आईनं तिला हाताला धरून बसवलं, "तू बस व, थकून आलीस." मी खूश होतो. मीना ताटातली सोळा भाज्यांची भाजी बोटानं फिरवत होती. मंगला वाढत होती, पण उजव्या हातावर पदर घेऊन.

जेवण झाल्यावर मी पाण्यासाठी सैपाकघराच्या दारात गेलो. आत आई, मीना आणि मंगला. मी विचारलं, "आई, हात भाजला का त्यांचा? दवाखान्यात नेऊ का?"

मीनानं मंगलाचा हात पदरातून बाहेर काढला. तीन नखं डाळिंबी, दोन उघडी. उघड्या नखांवर ब्लेडचे ओरखडे, आणि वर पांढरी सालं.

"चिंचेनं भांडे घासले?" मीनानं विचारलं.

"देवाचेच होते ताई. अन् सारवण केलं."

"मंग मले फोन काहून नाही केला व?"

मंगलानं दाराकडं पाहिलं, म्हणजे माझ्याकडं, आणि झटकन मान वळवून आईला म्हणाली, "विचारा आई, त्या नंबरवर फोन कोन उचलते?"

आईनं मला विचारलं, "फोन कोन उचलते रे?"

"मी."

"मंग?" मंगला आईला म्हणाली.

 आईला असं हसू फुटलं की तिनं भिंतीचा आधार घेतला. "आता बाप्पा, भासऱ्याले सांगावं का पोरीनं, माहं नख निंगालं म्हणून?"

बोरीत मी निम्म्या सुनांचा भासरा आणि उरलेल्यांचा सासरा लागतो. हे मला जन्मापासून माहीत होतं. टेबलावर बसताना तेवढंच आठवलं नव्हतं. बिचाऱ्या बाया मला पाहून पदर ओढायच्या, पैसे मीनाच्या हातात कोंबून निघायच्या, आणि तक्रार? ती सगळी मंगलाकडं साठत होती. आता बांध फुटला. मंगला आईला सांगू लागली आणि आई, दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मला, मोठ्यानं कळवू लागली.

"ते म्हणते, कुंदाचं तिसऱ्याच दिवशी निंगालं. तिनं ओढून काढलं. ते म्हणते, शोभाचं तर वरातीत गेलं, एका बोटाचं. तिनं मूठ झाकून फोटो काढले. ते म्हणते, तीन हप्ते कोनं सांगतले होते? ते म्हणते, तू फोकनाड्या हायस, थापाड्या."

"असं नाही म्हटलं मी, आई!"

"तू नाही म्हटलं. हे मी म्हणून राह्यली."

मी मीनाकडं पाहिलं. मला वाटलं, ती रडेल. एवढ्या बायांची नखं खराब झाली, तिच्या नावावर. तिचे डोळे भरलेही होते, पण ती कमरेला पदर खोचत होती. "कुंदाले बोलाव," ती मंगलाला म्हणाली. "शोभाले बी. अन् तुम्ही," हे मला, "बाहेर."

मी अंगण ओलांडून गिरणीत जाऊन बसलो. मीनाच्या पिशवीत तिचं सामान कायम असतं. तिनं ओट्यावर दुकान मांडलं. एकेकीचं उरलंसुरलं जेल भिजवून काढलं. पुडक्यातला कापूस संपला तेव्हा आईनं देवाच्या वातींचा दिला. नखं घासून, तेल चोळून दिली आणि रंग कोणालाच लावला नाही. "आधी नख बरं होऊ द्या, मंग या," म्हणाली. गिरणीतून मला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. बाया भांडत होत्या. आवाज चढवून, एकमेकींना तोडत, मधेच हसत, दुखलेल्या बोटांची नावं घेत भांडत होत्या, आणि मीनाचा आवाज त्यात सगळ्यांत वर होता. दिनू म्हणाला, "भाऊ, थांबवू का?" मी म्हटलं, "थांब जरासा. चांगलं चाललं."

निघायच्या वेळी मंगला गिरणीच्या दारात आली. डोक्यावर पदर. नजर जात्याकडं. जवळ ना आई, ना दिनू.

"भाऊ," ती म्हणाली, "तीन हप्ते नाही टिकत."

आणि निघून गेली.  तिचं माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. पाटीवरचा नंबर बदलायचा हे ठरलं होतं. मला आता आतल्या खोलीत, चहाच्या भांड्याजवळ नेमणूक मिळणार होती. मी म्हटलं, "मीना, एवढी बोलणी खाल्ली आज आपण. तुला वाईट नाही वाटलं?"

मीनानं डोकं सीटला टेकवलं होतं. डोळे न उघडताच ती म्हणाली, "दोन वर्षं रांगोळीच्या ताटावर जेवून राह्यलो होतो जी. पाहुण्याले कोणी तक्रार सांगत नाही."