आज डब्यात काय होतं?

माझी मुलगी खेळ तयार करते. हे साधं वाक्य तोंडातून निघायला मला तीन वर्षं लागली. कुणी विचारलं तर मी "बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायची. त्यावर कुणी जास्त खोलात जात नाही.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये काम करते आणि राहते पेणला. पावणेसहाला कंपनीची बस येते. गडब गावाच्या आसपास उजाडतं आणि तोवर अर्धी बस पुन्हा झोपलेली असते. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मला धाय मोकलून रडायलासुद्धा सवड मिळाली नाही, कारण पंधराव्या दिवशी फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं होतं. मी कडक होते, आणि अजून आहे. लॅबमध्ये मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

मुलगी शिकली तेव्हा शब्द टाकून तिला आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या एका कंपनीत चिकटवली. आठ महिन्यांत तिने राजीनामा दिला आणि म्हणाली, "आई, मला गोष्टी लिहायच्यात. खेळांसाठी." माझं डोकं फिरलं. "खेळच करायचे असतील तर या दारात परत येऊ नको," मी म्हणाले. रागात माणूस काहीही बोलतं, पण तिने ते अक्षरशः पाळलं. तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा. बरी आहेस का, हो, पाऊस आहे का, आहे. चार मिनिटांत संपायचा. दिवाळीला तिला नेमकं काहीतरी काम निघायचं, आणि ये म्हणून सांगायला माझी जीभ काही वळायची नाही.

मागच्या थंडीत तिने मोबाइलवर एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'मी लिहिलंय हे. वेळ मिळाला तर बघ.' दोन महिने मी बघितलं नाही. वेळ नव्हता असं म्हणाले तर खोटं होईल. रविवारची दुपार पेणमध्ये किती लांब असते ते एकट्या माणसाला विचारा.

शेवटी एका रविवारी उघडलं. आधी वाटलं, चुकीचं काही लागलं. एका संशोधन कंपनीची इंग्रजी वेबसाइट होती. खाडीकाठची इमारत, कर्मचाऱ्यांची यादी, सूचनाफलक, सगळं अगदी खरं वाटेल असं. थोडं वाचल्यावर कळलं की तिथली माणसं एकेक करून नाहीशी झालीत आणि कंपनी नक्की कशावर संशोधन करते ते कुणालाच ठाऊक नाही. खेळणाऱ्यांनी सूचना वाचायच्या, धागेदोरे जुळवायचे, बंद दारं उघडायची. आणि हा खेळ आहे असं मात्र कुणी म्हणायचं नाही, सगळं खरंच चाललंय असं धरून चालायचं. देशोदेशींची माणसं गप्पांच्या पानावर जमून डोकं खाजवत होती. मी 'लॅब केमिस्ट' असं नाव घेतलं आणि आत शिरले.

मग मी सूचनाफलक उघडला. 'भात झाकलेला आहे. गॅस पेटवू नये.' 'खिडकीची खालची कडी दोनदा तपासावी.' 'मी पाठवलंय असं कुणी म्हणालं तरी दार उघडू नये.' प्रत्येक सूचनेखाली सही एकच होती, संचालक. हा संचालक खेळात कुठेच दिसत नाही. सगळे त्याला घाबरतात.

त्या माझ्या चिठ्ठ्या होत्या.

पहाटे निघताना मी फ्रिजवर चिठ्ठी चिकटवायची. मुलगी सातच्या गजराला एकटी उठायची, वेणी जमेल तशी घालायची, शाळेत जायची आणि दुपारी येऊन आतून कडी लावून बसायची. मी चारच्या पुढे पोचायची. प्रेमाने लिहायला मला येत नव्हतं आणि बसही थांबणारी नव्हती. पाठकोऱ्या रिपोर्टवर मी जे लिहायची, ते तिने शब्दाला शब्द इंग्रजीत आणलं होतं.

लोकांचे तर्क वाचून आधी मला हसू फुटलं. भात म्हणजे एखादं विषारी रसायन असणार, असं एकाने तीन पानं लिहून सिद्ध केलं होतं. पण खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'या सूचना लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कुणावर प्रेम केलेलं नाही.' त्याला शेकडो लोकांनी पसंतीचे अंगठे दिले होते. ते फार लागलं. मी तिथे एकच ओळ लिहिली, 'तिला बस पकडायची असायची.' त्यावर दोघांनी हसरे चेहरे टाकले आणि चर्चा पुढे गेली.

मग मी रोज खेळायला लागले. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसायची. आमच्याकडे कुणी कुणाला काही विचारत नाही, आणि मला तर नाहीच. मुलगी माझ्याबद्दल काय विचार करते, हे मला जाणून घ्यायचं होतं. फोनवर ते कळलं नसतं. त्या कंपनीत कुठेतरी ते लिहिलेलं असणार, अशी माझी खात्री झाली होती.

खेळाच्या शेवटी एक दार होतं. हिरवं लाकडी दार, आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीचं होतं तसंच. बाजूच्या भिंतीवरचं घड्याळ साडेआठला थांबलेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'आज डब्यात काय होतं?' उत्तराला एक चौकट. एका माणसाला दिवसाला एकच उत्तर. चुकलं की पाटी यायची, 'मी दार उघडणार नाही.'

जगभरच्या माणसांनी रसायनांची नावं लिहिली, हाडं लिहिली, नाहीशा झालेल्यांची नावं लिहिली. एकट्या मला माहीत होतं की तिथे भाजी लिहायची आहे.

हा आमच्या दोघींचा नियम होता. कडी वाजली की ती आतून विचारायची, "आज डब्यात काय होतं?" डबा पहाटे मी तिच्या डोळ्यांदेखत भरायची, ती पांघरुणातून बघायची. बाहेरच्या कुणाला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. भेंडी म्हणायचं, की लगेच कडी निघायची. ही युक्ती तिनेच काढली होती.

मी पहिल्या दिवशी इंग्रजी अक्षरांत वालाचं बिरडं लिहिलं. चूक. मग भेंडी, सुकट, चवळी, मेथी. अकरा दिवस अकरा भाज्या झाल्या आणि अकरा वेळा माझ्या लेकीने मला दार उघडणार नाही असं सांगितलं. ते यंत्र सांगत होतं, हे मला कळत होतं. तरी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी डोळे पुसायची.

बाराव्या दिवशी माझं लक्ष त्या घड्याळाकडे गेलं. साडेआठ. मी साडेआठला एकदाच घरी आले होते.

ती नऊ वर्षांची असेल तेव्हा. त्या दिवशी प्लँटमध्ये बॅच जमत नव्हती, दर पंधरा मिनिटांनी तपासायला नवं सॅम्पल येत होतं. तीन वाजता पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आला नाही, आणि रिलीव्हर आल्याशिवाय लॅब सोडता येत नाही. माणूस आला तेव्हा सहा वाजून गेले होते. बस केव्हाच गेलेली. नागोठण्यापर्यंत एका टेंपोत आणि पुढे एसटीत उभी राहून मी पेणला पोचले. आमच्या दाराबाहेर शेजारची काकू ताट घेऊन उभी होती. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची, हात रंगलेलेच असायचे.

"अगो, कवापासून उभी हाय मी," ती म्हणाली. "पोर दार उघडीत नाय. म्हणते, डब्यात काय होता ते सांग. मला काय ठाव?"

मी कडी वाजवली. आतून आवाज आला, "आज डब्यात काय होतं?"

"उघड, मी आहे."

"डब्यात काय होतं?"

मला आठवेना. खरंच आठवेना. डोक्यात नुसते सॅम्पलचे आकडे होते. चाळीतली माणसं बाहेर आली होती. मी दारावर लाथ मारली आणि ओरडले, "उघड म्हणते ना!" कडी निघाली. मी आत पाऊल टाकलं आणि तिच्या कानाखाली आवाज काढला.

"नको गो मारू, घाबरलीय ती," काकू म्हणत राहिली. मुलगी रडली नाही. माझ्या हातातली पिशवी घेऊन ती मोरीकडे गेली, कारण डबा घासायचं काम तिचं होतं. दुसऱ्या दिवसापासून कडी वाजली की ती न विचारता दार उघडायला लागली. मला वाटलं, सुधारली.

लॅबच्या कोपऱ्यात हे आठवलं तेव्हा मला आणखी एक आठवलं. त्या दिवशी डब्यात काय होतं ते मला आठवणार कुठून? मी डबा उघडलाच नव्हता. दर पंधरा मिनिटांनी सॅम्पल असताना जेवणार केव्हा? हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच. मुलांना काय सांगायच्या असल्या गोष्टी.

मी चौकटीत मराठीत लिहिलं, 'डबा उघडलाच नव्हता. जेवले नव्हते.' त्या यंत्राला मराठी कळेल अशी आशा नव्हती. तरी बटण दाबलं.

मग कडी काढल्याचा आवाज आला. दार उघडलं. आत खोली नव्हती, नाहीशी झालेली माणसं नव्हती. एकच ओळ होती, अख्ख्या खेळातली मराठीतली एकुलती एक.

'मला माहीत आहे. तो डबा मीच घासला होता.'

म्हणजे हेच उत्तर तिने त्या दाराला मराठीत शिकवून ठेवलं होतं. म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीने गाल चोळत मोरीत तो भरलेला डबा उघडला होता. आंबलेली भाजी बघितली होती, काढून टाकली होती, आणि एक अक्षर बोलली नव्हती. वीस वर्षं. मी तिथेच तोंडाला पदर लावून रडले. कुणीतरी आत डोकावलं आणि लगेच दार ओढून घेतलं.

त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी संपल्यावरही बसून राहिले. डबा काढला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला.

चार वाजून गेल्यावर घरी पोचले. आता चाळ नाही, फ्लॅट आहे. दाराला लॅच आहे, किल्लीने उघडतं. आत कुणी विचारायला नव्हतं. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि रिकाम्या घराला मोठ्याने सांगितलं, "वालाचं बिरडं होतं. सगळं खाल्लं."

मग चपला काढल्या आणि तिला फोन लावला. रविवार नव्हता, बुधवार होता.